एकाच मूर्तीचं कपाळ पांढरं आणि गळा काळा का? शहरी हवा आणि जुने दगड

शिलालेख (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेले काही महिने जुन्या चुनखडीच्या आणि संगमरवरी इमारतींचे फोटो मोठे करून बघायचा नाद लागलाय. जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरातली इमारत घ्या, एकाच भिंतीवर दोन रंग दिसतात. छज्ज्याखाली, कमानीच्या आतल्या बाजूला, मूर्तीच्या हनुवटीखाली आणि वस्त्रांच्या चुण्यांत दगड काळाकुट्ट. त्याच मूर्तीचं कपाळ, खांदे आणि नाकाचा शेंडा मात्र पांढराफटक. जिथे पाऊस पोचतो तिथे पांढरं, पोचत नाही तिथे काळं, इतकं माझ्या लक्षात आलं. पुढचं कळत नाही.

हा काळा थर म्हणजे काजळी असेल तर तो धुऊन का टाकत नाहीत? पांढरा भाग सुस्थितीत आहे असं समजायचं का? आणि ज्या शहरांनी धूर कमी केला, तिथे दगडाची झीज थांबली का?

'प्रदूषणामुळे वारसा धोक्यात' हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं, पण दगडाचं नेमकं काय होतं हे फारसं कुणी सांगत नाही. जाणकारांनी कृपया हात आखडता न घेता लिहावं.

रसायनवाला

चांगला धागा. पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यावरच उभं आहे. त्या थरात काजळी असते, पण थराचं मूळ द्रव्य असतं जिप्सम, आणि ते त्याच दगडातून तयार झालेलं असतं.

चुनखडी काय किंवा संगमरवर काय, दोन्ही म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. दगडी कोळसा, जड इंधन तेल, गंधकाचं प्रमाण जास्त असलेलं डिझेल जाळलं की सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. दगडाच्या दमट पृष्ठभागावर तो विरघळतो, त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते आम्ल कार्बोनेटला खातं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, मागे राहतं पाण्याचे दोन रेणू धरून बसलेलं कॅल्शियम सल्फेट, म्हणजेच जिप्सम. त्याचे स्फटिक वाढताना हवेतली काजळी आणि राख आपल्यात गुंतवून घेतात, म्हणून थर काळा. ही राख नुसती पडून राहत नाही. तिच्यातले लोह, व्हॅनेडियमसारखे धातू आम्ल बनण्याचा वेग वाढवतात. नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोनही त्याला हातभार लावतात.

आम्लपावसाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण शहराच्या गर्दीच्या भागात कोरड्या दिवसांतही हा वायू थेट दगडात शिरत असतो आणि तिथलं मोठं नुकसान त्यानेच होतं. पहाटे दगड हवेपेक्षा थंड असतो, त्यावर दव धरतं. तेवढा ओलावा पुरतो.

आता दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जिप्समला मूळ कार्बोनेटच्या जवळपास दुप्पट जागा लागते. शिवाय ते कार्बोनेटपेक्षा शंभराहून अधिक पट विरघळतं, लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे तुमचा पांढरा भाग अजिबात निरोगी नाही. तिथेही जिप्सम होतंच आहे, फक्त दर सरीबरोबर ते वाहून जातं आणि जाताना दगडाचा वरचा पापुद्रा घेऊन जातं. काळा भाग उलट बरीच वर्षं आकार धरून ठेवतो, आत फुगत राहतो, आणि मग एक दिवस पोपडा सुटून खाली येतो. त्या पोपड्यावर मूर्तीचा ओठ असेल तर ओठही जातो.

दगडफूल

ओठाचं वाचून कसंतरीच झालं. पण एक शंका. जिप्सम पाण्यात इतकं विरघळत असेल तर धुण्याने ते निघेल हे खरं, मग अडतं कुठे?

गवंडी

@दगडफूल, ते निघतं यातच तर अडचण आहे. जुन्या दगडकामाच्या दुरुस्तीत बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पोपडा निघाला की आत काय दिसतं ते परांचीवर चढून जवळून पाहिलेला माणूस विसरत नाही. संगमरवर असेल तर खालचा दगड बोट लावलं तरी दाणेदार साखरेसारखा सुटतो. कारण असं की कॅल्साइटचा प्रत्येक कण तापल्यावर एका दिशेने प्रसरण पावतो आणि दुसऱ्या दिशेने आक्रसतो. उन्हाने वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की कणांमधली पकड सैल होते, त्या फटींतून वायू आणि ओल आत जाते आणि जिप्सम कणाकणांच्या मध्ये तयार होतं. अशा दगडाचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे कारागिराच्या छिन्नीची शेवटची खूण, दगडात राहिलेलीच नसते. ती त्या काळ्या थरात असते. थर धुऊन टाकला की शिल्पाची कातडीच गेली.

म्हणून आधी तपासायचं की थराखाली घट्ट दगड आहे की भुगा. भुगा असेल तर साफसफाईला हात लावण्याआधी त्याला बळकटी द्यावी लागते. चुनखडीसाठी चुन्याचे अतिसूक्ष्म कण अल्कोहोलमध्ये मिसळून आत मुरवतात, वालुकाश्मासाठी इथाइल सिलिकेट वापरतात. मग सफाई. वाळूचा झोत मारणं म्हणजे खून आहे, स्पष्ट लिहितो. काही दशकांपूर्वी अनेक शहरांत असे झोत मारून इमारती एका हंगामात लख्ख केल्या गेल्या आणि त्यांच्या कडा, अक्षरं, टाकीचे घाव कायमचे बोथट झाले. पाण्याचं बारीक धुकं तासन्‌तास सोडतात, ते चुनखडीवर चालतं, पण सांधे उघडे असतील तर पाणी भिंतीच्या पोटात जाऊन आतलं लोखंड गंजवतं. अमोनियम कार्बोनेटमध्ये भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा लेप लावतात. तो जिप्समचं पुन्हा कार्बोनेट करतो आणि गंधक विरघळून लेपात येतं. नाजूक कोरीवकामाला लेझर सर्वांत चांगला. काळा थर इन्फ्रारेड किरण शोषून घेतो आणि उडतो, खालचा पांढरा दगड ते किरण परतवतो, त्यामुळे काम तिथेच थांबतं. निदान थांबायला हवं. काही दगड लेझरनंतर पिवळट दिसू लागतात, म्हणून अथेन्समध्ये इन्फ्रारेड आणि अतिनील असे दोन किरण एकाच वेळी वापरायची पद्धत बसवली.

निशिगंध

अथेन्सचा उल्लेख आला म्हणून. अॅक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन मंदिराचं छत डोक्यावर पेलणाऱ्या सहा स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहेत. त्यांतली एक एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनला नेली गेली. अथेन्समध्ये उरलेल्या मूळ मूर्ती १९७९ साली खाली उतरवून संग्रहालयात ठेवाव्या लागल्या आणि जागेवर प्रतिकृती उभ्या केल्या. दोन हजार चारशे वर्षं उघड्यावर काढल्यानंतर विसाव्या शतकातल्या गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुराने चेहऱ्यांचे तपशील पुसले जात होते. नव्या संग्रहालयात २०११ ते २०१४ दरम्यान त्यांची लेझरने सफाई झाली, तीही पर्यटकांच्या डोळ्यांसमोर, एकेका मूर्तीभोवती मचाण बांधून.

रोममध्येही तसंच. मार्कस ऑरेलियसचा कांस्याचा अश्वारूढ पुतळा १९८१ साली चौकातून हलवला, आता तो संग्रहालयात आहे आणि चौकात प्रतिकृती. व्हेनिसमधल्या सेंट मार्कच्या चार घोड्यांचंही तेच. वाईट याचं वाटतं की जी गोष्ट ज्या जागेसाठी घडवली, ती त्या जागेवर ठेवण्याइतकी स्वच्छ हवा आपण शिल्लक ठेवली नाही.

पायवाट

सगळं वाचतोय, माहिती उत्तम आहे. पण एक मुद्दा मांडतो, राग मानू नका. त्याच हवेत माणसं श्वास घेतात. मुलांच्या फुप्फुसांचा प्रश्न सुटला नसताना पुतळ्याच्या ओठाची चिंता करणं मला जड जातं. निधी मर्यादित असतो, तो कुठे जावा?

रसायनवाला

@पायवाट, राग कसला, प्रश्न रास्त आहे. पण निधीची ही ओढाताण सफाईच्या बाबतीत खरी, हवेच्या बाबतीत नाही. लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत धुरकं इतकं दाटलं की त्या वेळी सुमारे ४,००० बळी मोजले गेले आणि नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा १२,००० पर्यंत नेला. १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा त्या माणसांसाठी झाला. त्याचा लाभ तिथल्या प्रत्येक दगडी भिंतीला मिळाला, त्यासाठी वेगळा पैसा लागला नाही.

एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. आरोग्याचे निकष २४ तासांच्या किंवा वर्षाच्या सरासरीवर बेतलेले असतात. दगडाला 'इतक्यापर्यंत सुरक्षित' अशी रेघ नसते. कमी प्रमाणातला वायूसुद्धा शंभर वर्षं काम करत राहतो आणि गेलेला मिलिमीटर पुन्हा भरून येत नाही.

काळमापक

'झीज थांबली का' या प्रश्नाचं मोजलेलं उत्तर आहे, आणि ते ज्या पद्धतीने मिळालं ती मला फार आवडते.

लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल १७१० साली पूर्ण झालं, पोर्टलंड नावाच्या चुनखडीत. वरच्या कठड्याचे दगड उचलून बसवताना त्यांना जी भोकं पाडली होती, ती १७१८ च्या सुमारास वितळलेलं शिसं ओतून बुजवली आणि दगडाच्या पातळीत सपाट केली. शिसं पावसाने फारसं झिजत नाही, चुनखडी झिजते. त्यामुळे ती शिशाची बुचं हळूहळू दगडाच्या वर डोकावू लागली. १९८० च्या दशकात मोजलं तेव्हा ती सरासरी सुमारे २० मिलिमीटर वर आली होती. म्हणजे पावणेतीनशे वर्षांची झीज कुणाच्याही ध्यानीमनी नसताना तिथे नोंदली जात होती.

१९८० पासून त्याच कठड्यावर सूक्ष्म झीजमापकाने ठरावीक बिंदूंवर मोजणी सुरू झाली. १९९० च्या दशकात झिजेचा वेग आधीच्या दशकाच्या साधारण निम्म्यावर आला होता. कॅथीड्रलच्या बरोबर समोर, थेम्सच्या पलीकडे, तेलावर चालणारं बँकसाइड वीजकेंद्र होतं. ते १९८१ साली बंद झालं (आज त्याच इमारतीत टेट मॉडर्न हे कलादालन आहे). शहरातला सल्फर डायऑक्साइडही याच काळात झपाट्याने उतरला. तेव्हा उत्तर असं: वेग घटला, झीज थांबली नाही. नैसर्गिक पाऊससुद्धा कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी, म्हणजे ५.६ च्या आसपासच्या पीएचचा असतो, तेवढं चालायचंच.

आणि हे दुखणं कारखान्यांच्या युगाच्याही आधीचं आहे. जॉन एव्हलिनने १६६१ सालीच राजाला उद्देशून लिहिलं होतं की लंडनच्या कोळशाच्या धुराने लोखंडी गज आणि कठीणातले कठीण दगड खाल्ले जात आहेत.

दगडफूल

शिशाच्या बुचांची गोष्ट अप्रतिम! वाचनखूण साठवली.

भूगर्भ

सगळे चुनखडीबद्दल बोलताहेत, म्हणून दगडांच्या जातीबद्दल थोडं. ज्या दगडात कार्बोनेट नाही त्याला गंधक सहसा थेट खात नाही. बसाल्ट, ग्रॅनाइट काळवंडतील, पण जिप्सम त्यांच्यापासून बनणार नाही. मात्र बसाल्टच्या भिंतीतले सांधे चुन्याचे असतात, आणि तो चुना तसाच मरतो. सांध्यांतून वाहून आलेलं जिप्सम शेजारच्या निरोगी दगडाच्या छिद्रांत शिरून स्फटिक धरतं आणि त्याचे पापुद्रे काढतं. वालुकाश्मात तर कण कशाने सांधले गेलेत यावर सगळं अवलंबून. सिलिकाने सांधलेला टिकतो, कार्बोनेटने सांधलेला ढासळतो. कोलोनचं कॅथीड्रल १२४८ साली सुरू होऊन १८८० साली पूर्ण झालं. त्यात एकोणिसाव्या शतकात वापरलेला श्लाइटडॉर्फचा वालुकाश्म कार्बोनेटने सांधलेला होता, आणि तो शेजारच्या कितीतरी जुन्या दगडांपेक्षा वाईट झिजला. त्या कॅथीड्रलची स्वतःची दगडकामाची कार्यशाळा आजही अखंड चालू असते.

सर्वांत घातकी म्हणाल तर मॅग्नेशियमयुक्त चुनखडी. गंधकाने तिच्यापासून मॅग्नेशियम सल्फेट बनतं, ते जिप्समहूनही कितीतरी सहज विरघळतं, आत झिरपतं आणि वाळताना दगड फोडतं. ब्रिटिश संसदेची इमारत १८४० पासून याच जातीच्या अॅन्स्टन दगडात बांधायला घेतली. काम पुरं होण्याआधीच कोळशाच्या धुरात तो दगड कुजू लागला होता. विसाव्या शतकात दर्शनी भागातला बराच दगड काढून क्लिप्शमची चुनखडी बसवावी लागली.

निशिगंध

आणि लोखंड? ते कुणी घेतलं नाही अजून. प्राचीन ग्रीक गवंडी दगड लोखंडी आकड्यांनी जोडत आणि त्यावर वितळलेलं शिसं ओतत, त्यामुळे हवा आत जात नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पार्थेनॉनच्या दुरुस्तीत अभियंता बालानोसने लोखंड वापरलं, पण हे शिशाचं आवरण दिलं नाही. ओल आणि शहरातली आम्लधर्मी हवा लागून ते गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवराचे ठोकळे आतून तडकवले. नंतरच्या पिढीला ते सगळं लोखंड काढून टायटॅनियम घालावं लागलं.

अत्तरदाणी

ताजमहालाबद्दल कुणीच लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. १९८४ साली एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि ३० डिसेंबर १९९६ च्या निकालात न्यायालयाने परिसरातल्या कोळसा वापरणाऱ्या २९२ उद्योगांना नैसर्गिक वायूवर या किंवा जागा सोडा, असं बजावलं. ताजभोवतीचा १०,४०० चौरस किलोमीटरचा पट्टा संरक्षित क्षेत्र ठरला. तरीही संगमरवर पिवळा-तपकिरी पडतच राहिला. असं का?

रसायनवाला

@अत्तरदाणी, इथे गंधकाची गोष्ट थोडी बाजूला ठेवावी लागते. आयआयटी कानपूर, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि जॉर्जिया टेक, विस्कॉन्सिन या अमेरिकन विद्यापीठांच्या संशोधकांनी घुमटाजवळ संगमरवराचे कोरे तुकडे ठेवले आणि त्यांच्यावर काय बसतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. २०१४ च्या अखेरीस निष्कर्ष आले. धूळ, काळा कार्बन आणि तपकिरी कार्बन. तपकिरी कार्बन लाकूडफाटा, शेण, पालापाचोळा, कचरा जाळल्याने येतो. धूळ आणि तो मिळून निळा प्रकाश जास्त शोषतात, म्हणून उरलेला रंग डोळ्याला पिवळा-तपकिरी दिसतो. म्हणजे कारखान्यांवर केलेली कारवाई योग्यच होती, पण उघड्यावर जळणाऱ्या कचऱ्यापर्यंत ती पोचणार नव्हती.

गवंडी

आणि म्हणून मुलतानी मातीचा लेप. १९९४ पासून पुरातत्त्व खात्याने ताजच्या वेगवेगळ्या भागांवर तो अनेकदा दिला आहे. पातळ थर लावायचा, झाकून ठेवायचा, वाळला की मऊ ब्रशने काढून ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचं. माती मळ ओढून घेते आणि दगड खरवडत नाही, पद्धत सौम्य आहे. पण हवा तीच राहिली तर पुन्हा लेप, पुन्हा पुसणं. कितीही हळुवार केलं तरी प्रत्येक सफाईत पृष्ठभागाला हात लागतो. मी तर म्हणेन दोन लेपांमधलं अंतर जितकं वाढेल तितका त्या भागातल्या हवेचा कारभार सुधारला.

हिरवळ

एक नवी गुंतागुंत. सल्फर डायऑक्साइड शेवाळ आणि दगडफुलांना मारक असतो. तो घटलेल्या शहरांत आता जुन्या भिंती हिरव्या होताना दिसतात, आणि वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजन संयुगांनी त्यांना खतच मिळतं. जे थर तयार होतात तेही पूर्वीसारखे काळे न राहता पिवळसर-तपकिरी दिसू लागले आहेत, कारण आता कोळशाच्या राखेपेक्षा वाहनांतून येणारी सेंद्रिय द्रव्यं जास्त. गंधकाचा प्रश्न सुटला म्हणजे सगळं सुटलं, असं धरून चालू नये.

जुन्या रंगीत काचांचंही थोडक्यात सांगते. मध्ययुगीन युरोपातली काच लाकडाच्या राखेतल्या पोटॅशपासून बनवलेली, त्यामुळे दमट गंधकी हवेत तिला खड्डे पडतात आणि वर पांढरट कवच चढतं. तिथे उपाय म्हणून बाहेरून दुसरी काच बसवतात आणि मधल्या पोकळीतून हवा खेळती ठेवतात.

पायवाट

@रसायनवाला, माणसांचा आणि दगडांचा उपाय एकच हे पटलं. पण माझ्यासारख्याने नक्की काय करावं? सफाई तर तज्ज्ञांचं काम.

काळमापक

फोटो काढा. जर्मनीत हेर्टन इथल्या किल्ल्यावरच्या १७०२ सालच्या एका वालुकाश्माच्या मूर्तीचे दोन फोटो जगभर दाखवले जातात, एक १९०८ चा, एक १९६९ चा. पहिल्यात चेहरा, हात, वस्त्र सगळं ओळखू येतं. दुसऱ्यात केवळ एक गोळा उरलाय. मधल्या साठ वर्षांत रुर खोऱ्यातल्या कोळशाने आणि पोलादाने ते केलं. १९०८ चा फोटो कुणी काढला नसता तर आज त्या गोळ्याकडे पाहून काय गेलं हे सांगता आलं नसतं.

तुम्ही काढाल तेव्हा दर वेळी त्याच जागेवरून, शक्यतो त्याच वेळच्या तिरप्या उन्हात काढा, चौकटीत मापासाठी पट्टी ठेवा आणि तारीख लिहा. समोरून पडणाऱ्या उजेडात झीज दिसत नाही.

शिलालेख (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा प्रश्न गवंडींना. दगडावर पारदर्शक जलरोधक लेप मारून वायू आणि पाणी दोन्ही बाहेरच ठेवता येणार नाही का? अशा लेपांच्या जाहिराती बऱ्याच दिसतात.

गवंडी

सरसकट मारू नका. पाणी समोरूनच येतं असं नाही. पायातून चढतं, छतातून उतरतं, उघड्या सांध्यातून शिरतं. लेपाने पुढचा दरवाजा बंद केला की ती ओल लेपाच्या मागे वाळते, क्षार तिथेच स्फटिक धरतात आणि लेपासकट दगडाचा तुकडा सुटतो. सिमेंटने सांध्यांच्या दर्जा भरल्या की नेमकं हेच होतं. सांधा दगडापेक्षा कठीण झाला की ओल दगडातून बाहेर पडते आणि दगड मरतो.

त्यापेक्षा पन्हळी आणि गटारं मोकळी ठेवा, छज्ज्यांच्या वरचे सांधे चुन्याने भरा, मूर्तीवर पाण्याची धार कुठून येते ते पावसात उभं राहून बघा. आणि लेपच द्यायचा तर झिजण्यासाठीच दिलेला द्या. इंग्लंडमधल्या वेल्स कॅथीड्रलच्या पश्चिम दर्शनी भागावर मध्ययुगातल्या सुमारे ३०० मूर्ती आहेत. १९७० आणि ८० च्या दशकांत रॉबर्ट बेकर यांच्या देखरेखीखाली त्यांना चुन्याचे लेप दिले गेले, भेगा चुन्यानेच भरल्या आणि शेवटी चुना, बारीक वाळू आणि दगडाची पूड यांचा अगदी पातळ हात फिरवला. त्यातून दगड श्वास घेतो, आणि हवेतलं आम्ल आधी त्या चुन्याला खातं. तो हात संपत आला की मूर्ती तपासायची आणि पुन्हा द्यायचा. दगडाच्या रंगाशी जुळेल अशी पूड निवडणं हे त्यातलं सर्वांत वेळखाऊ काम. आधी एका कोपऱ्यात नमुना लावून तो वाळल्यावरच रंग ठरवावा, ओला असताना तो नेहमी गडद दिसतो.